दहा रुपयांचे तिकीट

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी माळ्यावरची अडगळ खाली उतरते. फुटक्या काचेचा कंदील निघतो, मूठ निखळलेली काठी निघते, पणजोबांच्या नावाचे कसले तरी गंजके बिरूद निघते. घरातल्या सुना म्हणतात, टाकून द्या. आजी म्हणते, असू द्या, कधी लागले तर? सरकारचेही घरच आहे, आणि त्याच्या माळ्यावरही अडगळ आहे. फरक इतकाच, की तिथे सगळा कारभार आजीच्याच हाती आहे.

या अडगळीतला बराचसा माल विलायती आहे. गोरा साहेब १९४७ साली बोटीत बसला तेव्हा तो बरेच कायदे इथेच ठेवून गेला. गंमत पुढे आहे. आपल्या देशी परतल्यावर त्याने तिथले त्याच जातीचे कायदे एकामागून एक उकिरड्यावर टाकले. आपण मात्र त्याने इथे ठेवलेले पुसून, तेलपाणी करून वापरत आलो. गुरूने विडी सोडली, शिष्याची सुटेना.

आमचे सावनेर मराठी वाचकांना बहुधा एकाच कारणाने ठाऊक असते. राम गणेश गडकरी यांनी २३ जानेवारी १९१९ रोजी इथे डोळे मिटले. तेव्हा नाटकापासूनच सुरुवात करू. इंग्रज सरकारने १८७६ साली नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९१० साली बंद पडले. पात्रे सारी महाभारतातली, पण पिटातला प्रेक्षक कीचकात कर्झनसाहेबाला ओळखत होता, आणि प्रेक्षक ओळखतो हे सरकारला कळले होते. विलायतेतही नाटकाची वही आधी लॉर्ड चेंबरलेन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याकडून पास करून घ्यावी लागे. १७३७ पासून चाललेली ही रीत त्यांनी १९६८ साली मोडली. महाराष्ट्रात नाटकाची संहिता मंडळापुढे ठेवण्याची रीत त्यानंतरही चालू राहिली. तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'ला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, ती स्वतंत्र भारतात.

राजद्रोहाचे तसेच. याच कलमाखाली टिळकांना १८९७ साली शिक्षा झाली आणि १९०८ साली सहा वर्षांची मंडाले झाली. विलायतेने आपल्या घरचा राजद्रोहाचा गुन्हा २००९ साली कायदा करून रद्द केला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये १२४-अ या कलमाचा वापर थांबवून ठेवला. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, त्यात हा आकडा नाही. पण १५२ क्रमांकाचे नवे कलम वाचले की वकील मंडळी हसतात. पाटी नवी रंगवली आहे. आत भाडेकरू कोण, ते ज्याने त्याने वाचून पाहावे.

पण आज बोलायचे आहे ते दुसऱ्याच एका कायद्याविषयी, कारण त्याची झळ कवीला किंवा पुढाऱ्याला नव्हे, तर सातबाऱ्याची नक्कल काढायला आलेल्या माणसालाही लागते.

विलायतेत १९११ सालच्या उन्हाळ्यात जर्मन हेरांची भीती पसरली होती. १८ ऑगस्ट, शुक्रवारचा दिवस. सभासदांचे लक्ष सुट्टीकडे लागलेले. त्या दुपारी सरकारी गुपितांचा कायदा खालच्या सभागृहातून तासाभराच्याही आत पार झाला. हेरांसाठी म्हणून आणलेल्या त्या कायद्यात दुसरे एक कलम होते. सरकारी नोकरीत हाती आलेली कोणतीही माहिती परवानगीवाचून बाहेर दिली तर गुन्हा. देणाराही गुन्हेगार आणि घेणाराही. मंत्रालयात दिवसाला चहाचे किती प्याले संपतात हेही गुपितच, अशी तिकडे थट्टा चाले. १९७२ साली लॉर्ड फ्रँक्स यांच्या समितीने हिशेब मांडला, की या एका कलमातून दोन हजारांवर वेगवेगळे आरोप तयार करता येतात! असले बहुगुणी औषध आमच्याकडे फक्त जत्रेत विकायला येते.

त्याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानात आला तो २ एप्रिल १९२३ रोजी. ही तारीख नागपूरकरांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १३ एप्रिलला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, नागपुरात तिरंगा घेऊन एक मिरवणूक निघाली. सिव्हिल लाइन्सच्या तोंडाशी पोलिसांनी ती अडवली. साहेबलोकांच्या बंगल्यांवरून झेंडा जाता कामा नये, एवढेच म्हणणे. बॉम्ब नव्हता, बंदूक नव्हती, काठीला बांधलेले कापड होते. पुढे १४४ कलम लागले आणि १ मेपासून सत्याग्रह सुरू झाला. रोज एक तुकडी झेंडा घेऊन निघायची, अडवली जायची, तुरुंगात जायची. जमनालाल बजाज पकडले गेले, मग वल्लभभाई पटेल सूत्रे हाती घ्यायला आले. देशभरातून माणसे नागपूरच्या गाडीत बसू लागली. हजारावर लोक गजाआड गेले. शेवटी १८ ऑगस्ट १९२३ रोजी झेंडा घेतलेली तुकडी सिव्हिल लाइन्समधून निघाली आणि कोणी अडवली नाही. विलायतेतल्या त्या शुक्रवारच्या दुपारला त्या दिवशी बरोबर बारा वर्षे झाली होती.

झेंड्याची लढाई अशी चार महिन्यांत निकालात निघाली. तो झेंडा पुढे किल्ल्यावर चढला. एप्रिलातला तो कायदा मात्र ना कोणी अडवला, ना कोणी त्याच्यासाठी नागपूरची गाडी पकडली. रस्त्यावरचा मज्जाव दिसतो, कपाटाचा दिसत नाही. तो कायदा शंभरी ओलांडून आजही धडधाकट आहे. त्याचे पाचवे कलम म्हणजे विलायतेच्या त्या दुसऱ्या कलमाचेच भावंड. त्यात 'गुप्त' हा शब्द आहे, पण गुप्त कशाला म्हणायचे याची व्याख्या नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मूठ झाकायची की नाही हे ज्याची मूठ त्याने ठरवायचे.

विलायतेतल्या त्या कलमाचे पुढे काय झाले ते सांगण्यासारखे आहे. १९८२ साली फॉकलंडच्या युद्धात 'जनरल बेलग्रानो' ही अर्जेंटिनाची युद्धनौका बुडवली गेली. ती कोणत्या दिशेने चालली होती याबद्दल पार्लमेंटला खरे सांगितले जात नाही असे वाटून संरक्षण खात्यातल्या क्लाइव्ह पाँटिंग नावाच्या अधिकाऱ्याने कागद एका खासदाराकडे पाठवले. खटला झाला. न्यायाधीशांनी ज्यूरीला समजावले, की राज्याचे हित म्हणजे त्या वेळचे सरकार सांगेल ते हित. ज्यूरीत साधी माणसे होती. त्यांनी ऐकून घेतले, आत जाऊन बसली आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये पाँटिंगला निर्दोष सोडून बाहेर आली. त्या धक्क्यातून ते कलम पुन्हा उभे राहिले नाही. १९८९ साली नवा कायदा करून त्यांनी ते काढून टाकले.

आणि इकडे? इफ्तिखार गिलानी या दिल्लीतल्या पत्रकाराला जून २००२ मध्ये याच कायद्याखाली पकडले. त्यांच्या संगणकात सापडलेला ज्या कागदाचा गवगवा झाला, तो आधीच छापून प्रसिद्ध झालेला, कोणालाही वाचता येईल असा होता. सात महिने तुरुंगात काढल्यावर जानेवारी २००३ मध्ये सरकारने खटला मागे घेतला. सात महिन्यांचे काय, असे विचारू नये. २०१९ साली राफेल विमानांच्या खटल्यात सरकारने सर्वोच्च न्यायालयात हेच शस्त्र उपसले. वर्तमानपत्राने छापलेले कागद गुपित आहेत, न्यायालयाने पाहू नयेत, असा आक्षेप होता. १० एप्रिल २०१९ ला न्यायालयाने तो फेटाळला. ज्या कायद्याचा त्या वेळी आधार झाला तो म्हणजे आपला माहितीचा अधिकार, आणि त्याची कथा महाराष्ट्राला परकी नाही.

आमच्या ओळखीचे एक शेतकरी आहेत, सावनेर तालुक्यातलेच. थोडी संत्रा, थोडा कापूस. शाळा चौथीपर्यंत, पण प्रश्न मॅट्रिकचे. एका वर्षी गारपिटीने बाग झोडपली. पंचनामा झाला, भरपाई आली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना मिळाली, यांना नाही. एका कचेरीत चार खेटे घातल्यावर ते आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"गुर्जी, मले एक सांगा. पैसा कोनाचा? सरकारचा. सरकार कोनाचं? आपलं. मंग कोनाले किती भेटले ते यादी पंचायतीच्या भितीवर काहून नाई लावत हे लोकं?"

लॉर्ड फ्रँक्सना याहून सोप्या भाषेत प्रश्न मांडता आला नसता. नेमका हाच प्रश्न राजस्थानात १९९० च्या दशकात रोजगाराच्या कामावरच्या मजुरांनी विचारला होता. हजेरीपट दाखवा म्हणाले, आणि हजेरीपट उघडले तेव्हा त्यात मेलेली माणसे खडी फोडताना सापडली. महाराष्ट्रात २००० साली एक दुबळा कायदा झाला. अण्णा हजारे आणि त्यांच्या सोबत्यांनी तो नाकारला, २००२ साली नवा आला, आणि राष्ट्रपतींची सही मिळावी म्हणून ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण करावे लागले. सही आली. देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. त्या दिवशीचा पहिला अर्ज पुण्याच्या एका पोलीस ठाण्यात दिला गेला. त्या कायद्याच्या २२ व्या कलमात १९२३ च्या कायद्याचे नाव घेऊन म्हटले आहे, की तो काहीही म्हणो, चालेल ते हेच.

काय लागते त्याला? साधा कागद आणि दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नको. का हवी माहिती, हे विचारायचा अधिकाऱ्याला अधिकार नाही. तीस दिवसांत उत्तर. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. प्रतीचे पानाला दोन रुपये. उत्तर टाळले तर अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून दिवसाला २५० रुपये दंड, जास्तीत जास्त २५,०००. ही शेवटची तरतूद विलायतेच्या कायद्यात नाही, आणि विलायतेच्या मंत्र्याला जो नकाराधिकार आहे तो आपल्या मंत्र्याला नाही. राजपुत्र चार्ल्स यांनी मंत्र्यांना लिहिलेली पत्रे 'गार्डियन'च्या बातमीदाराने २००५ साली मागितली होती. सरकारने तो नकाराधिकार वापरला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये तो मोडला, आणि मे महिन्यात पत्रे छापली गेली. दहा वर्षे लागली! राजपुत्राची पत्रे आणि आमच्या स्नेह्यांची गारपीट, दोन्हीकडे टपालाचा वेग सारखाच.

विलायतेतला हा कायदा टोनी ब्लेअर यांच्या राजवटीत २००० साली झाला आणि १ जानेवारी २००५ पासून चालू झाला. पुढे २०१० साली आपल्या आत्मचरित्रात ब्लेअरसाहेबांनी, आपण हे काय करून बसलो, म्हणून स्वतःलाच लाखोली वाहिली आहे. आमच्या मते त्या कायद्याला मिळालेले याहून चांगले प्रशस्तिपत्र दुसरे नाही. ज्या दारातून राजाला वारा लागत नाही ते दार कसले?

वारा लागला तो २००९ साली. खासदारांच्या भत्त्यांचे कागद या कायद्याखाली मागितले गेले होते. पार्लमेंटने पुष्कळ आडकाठी केली, कोर्टात हरले, आणि शेवटी कागद एका दैनिकाच्या हाती लागले. एका खासदाराने तळ्यातल्या बदकांसाठी तरंगते घरकुल घेऊन त्याचे बिल लावले होते. ते मंजूर झाले नाही म्हणा, पण लावले होते. सभापतींना पद सोडावे लागले. तशी पाळी तिथल्या सभापतीवर १६९५ नंतर प्रथमच आली. काही खासदार तुरुंगात गेले. आपल्याकडे दुसऱ्याच वर्षी 'आदर्श' इमारतीचे कागद बाहेर आले. त्यात माहिती अधिकाराच्या अर्जांचा मोठा हात होता, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले.

विलायतेच्या राजकारणातली आणखी एक गोष्ट आम्हांला फार आवडते. २००८ साली सरकारने आरोप न ठेवता ४२ दिवस कोठडीत ठेवण्याचे विधेयक खालच्या सभागृहात मंजूर करून घेतले. विरोधी बाकावरचे डेव्हिड डेव्हिस यांनी दुसऱ्या दिवशी खासदारकी सोडली आणि त्याच जागेवर, त्याच प्रश्नावर पोटनिवडणूक लढवून ते पुन्हा निवडून आले. त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी कपाळाला हात लावला. ऑक्टोबरात लॉर्डांच्या सभागृहाने ती तरतूद फेटाळली आणि सरकारने ती सोडून दिली. आपल्याकडे राजीनाम्यांना तोटा नाही. खिशात घालून फिरतात. पण ते कोठडीतल्या अनोळखी माणसासाठी बाहेर निघाल्याचे फारसे ऐकिवात नाही.

आता आपल्या कायद्याला वाळवी कुठे लागली ते पाहू. २०१२ साली महाराष्ट्राने नियम केला, की अर्ज १५० शब्दांत बसला पाहिजे आणि विषय एकच पाहिजे. अशिक्षित माणसाला शब्द मोजायला लावणारे हे व्याकरण कोणत्या शाळेतले, देव जाणे. २०१९ साली माहिती आयुक्तांची मुदत आणि पगार ठरवणे केंद्र सरकारने आपल्या हाती घेतले. २०२३ च्या मध्याला महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अपिले आणि तक्रारी तुंबल्या होत्या. देशात सर्वांत जास्त. आणि ज्यांनी अर्ज नेटाने चालवले त्यांतल्या काहींनी त्याची किंमत कशात मोजली ते तळेगाव दाभाड्याला विचारावे. सतीश शेट्टी यांनी जमिनींचे व्यवहार उघड केले होते. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी ते फिरायला निघाले असता त्यांचा खून झाला.

सावनेरपुरते बोलायचे तर सहकारी बँकेची गोष्ट टाळता येत नाही. नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या पैशातून खासगी दलालांमार्फत सरकारी रोखे घेतले गेले, रोखे बँकेत आले नाहीत आणि सुमारे दीडशे कोटींचा घोटाळा २००२ साली उजेडात आला. निकाल लागला डिसेंबर २०२३ मध्ये. बँकेचे त्या वेळचे अध्यक्ष, म्हणजे निकालाच्या दिवशीचे सावनेरचे आमदार, यांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि आमदारकी गेली. नाव लिहायचे कारण नाही, इथे ते पोराटोरांना ठाऊक आहे. त्यांनी वरच्या न्यायालयात दाद मागितली. तो भाग न्यायालयाचा. आमचा प्रश्न निराळा आहे. ठेव शेतकऱ्याची, कर्ज शेतकऱ्याचे, पण बँकेत रोखे आले की नाही हे त्याने दहा रुपयांचे तिकीट लावून विचारावे तर? २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका खटल्यात ठरवले, की सहकारी संस्था केवळ सहकारी आहे म्हणून या कायद्याखाली येत नाही. निबंधकाकडे जे कागद येतात ते त्याच्याकडून मागता येतात. म्हणजे घराच्या मालकाने आपल्याच घरात खिडकीतून डोकावायचे.

सगळ्यांत खोल वाळवी मात्र नवी आहे. मूळ कायद्यात वैयक्तिक माहिती नाकारायची तर अधिकाऱ्याला दाखवावे लागे, की तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने विनाकारण कोणाच्या खासगीपणावर घाला पडतो. आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही, असे एक सोन्यासारखे वाक्य त्याला जोडलेले होते. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या कायद्याने हे सारे पुसून तिथे चार शब्द ठेवले: माहिती वैयक्तिक असली की झाले. व्यापक जनहिताचे दुसरे एक कलम उरले आहे, पण ते सिद्ध करण्याचे ओझे आता बहुधा मागणाऱ्याच्या खांद्यावर येते. खासगीपण ही मोठी गोष्ट आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मूलभूत हक्क मानला तेव्हा आम्हीही पेढे वाटायला तयार होतो. पण सरकारी तिजोरीतून कोणाला किती गेले, हे खासगी कसे? हजेरीपटावर नाव असते. भरपाईच्या यादीत नाव असते. ठेकेदारालाही नाव असते. नावे वगळून उरलेली यादी म्हणजे नुसता जमाखर्च. मेलेला माणूस खडी फोडताना त्यात सापडत नाही.

आमच्या शेतकरी स्नेह्यांनी अर्ज केला. आम्ही लिहून दिला, त्यांनी सही केली, शब्द भरले १०७. गावातल्या गारपिटीच्या भरपाईची यादी आणि आपल्या बागेच्या पंचनाम्याची नक्कल, एवढीच मागणी. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आले. पंचनाम्याची नक्कल मिळाली, तीन पाने, सहा रुपये. त्यात त्यांच्या बागेत नुकसान 'निरंक' लिहिले आहे आणि खाली पंच म्हणून ज्या दोघांच्या सह्या आहेत त्यांतला एक त्या आठवड्यात लेकीकडे छिंदवाड्याला होता. यादी मात्र मिळाली नाही. 'सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही,' असे एक ओळीचे उत्तर, खाली गोल शिक्का.

"वैयक्तिक म्हंजे काय जी?" त्यांनी विचारले.

आम्ही सांगितले.

"पन माह्या बागेत काईच झालं नाई, हे तं त्यायनं सरकारी कागदावर लिवलं. ते नाई वैयक्तिक?"

पहिले अपील तीस दिवसांच्या आत करावे लागते, ते त्यांनी नवव्या दिवशीच केले. सुनावणी दिवाळीनंतरची लागली आहे. कापसाची वेचणी ऐन भरात असेल, मजूर मिळायची मारामार. पण तो एक दिवस त्यांनी मोकळा ठेवला आहे, आणि छिंदवाड्याला गेलेल्या पंचालाही एसटीच्या जुन्या तिकिटासकट बरोबर घेणार आहेत.